बांधलेला झोका

परबबाई कुठल्याही बागेत रिकाम्या हाताने जात नसत, आणि दुसरं कोणी तसं आलेलं त्यांना खपत नसे. मुलुंडच्या बागेत मी उद्यान सहायक म्हणून रुजू झाले, त्या दिवशी माझ्या हातात नेमणुकीचं पत्र होतं, खांद्याला नवी बॅग होती आणि पायांत, कहर म्हणजे, पांढरे बूट. फाटकाशी एक ठेंगणी बाई गुडघाभर साडी खोचून, वर खाकी शर्ट घालून, कोयतीने मेंदीचं कुंपण छाटत होती. तिने ना माझं नाव विचारलं, ना पत्र बघितलं. वर न बघताच म्हणाली, “काय हाडलंस?”

काय आणलंस, असं ती विचारते आहे हे कळायला मला एक क्षण लागला. मी म्हटलं, “काही नाही.”

“मगे उद्या हाड. बागेत रिकाम्या हातान येवचा नाय.”

मी दापोलीला शेतीची पदवी घेतलेली, परीक्षा देऊन लागलेली, कागदोपत्री या बाईंची साहेब. आणि मला पहिल्याच दिवशी हा दम! घरी येऊन आईपुढे तणतणले. आई हसली आणि गॅलरीतल्या पानओव्याचं एक डेख मोडून तिने ओल्या कागदात गुंडाळून दिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते हुंगलं, पंपाच्या खोलीशेजारी टोचलं आणि त्यानंतर मला विचारलं, “नाव काय गे तुझा?” मी म्हटलं कीर्ती. त्या दिवसापासून मी त्यांची ‘किर्ते’ झाले. तो पानओवा आज कमरेएवढा झाला आहे. रोज सकाळी त्याच्या बाजूने जावं लागतं आणि रोज माझं डोकं फिरतं.

हे मी रागाने लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते. गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी दुसरीकडे जावं.

बाई मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गला येऊन राहिले. नवरा आमच्याच, महापालिकेच्या उद्यान खात्यात माळी होता. गुलमोहराच्या फांद्या उतरवताना कमरेचा दोर सुटला आणि तो गेला. त्याच्या जागी अनुकंपेवर बाई लागल्या, माळीण म्हणून, आणि पुढे मुकादम झाल्या. तेव्हापासून दोर आणि गाठ या दोन गोष्टींवर त्यांचा विश्वास बसत नसे. कोणीही झाडावर चढायला निघालं की आधी त्याची गाठ स्वतः हाताने ओढून बघायच्या. “तुझी गाठ तुका बरी दिसता, माका नाय,” म्हणायच्या, आणि सोडून पुन्हा बांधायच्या. घराकडे वारा फिरला की कचरा डेपोचा वास यायचा, तरी चाळीच्या दारात पत्र्याच्या डब्यांतून त्यांनी इतकी रोपं केली होती की आत जायला आडवं व्हावं लागे.

सगळ्यांना अरेतुरे. माळ्यालाही तू आणि साहेबालाही तू. मालवणीत तसंच असतं म्हणून साहेब लोक कानाआड करायचे, पण खरं सांगू का, ते घाबरायचे. एका बागेत एका पोटुशी बाईच्या पाठीवर औषधफवारणीचा पंप दिला होता. बाईंना कळलं. मंगळवारी त्यांची सुट्टी. सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन, बस बदलत तिथे गेल्या. आधी तिथल्या माळ्याला जास्वंदीचे चार फाटे दिले, नियम म्हणजे नियम, आणि मग साहेबाच्या केबिनमध्ये उभ्या राहिल्या. “साहेबा, तुझी बायल गरवार आसती तर तिच्या पाठीवर ह्यो पंप दिलो असतंस?” एवढंच. साहेबांनी पंप काढून घेतला, वर बाईंना चहा पाजला.

दर मंगळवारी हे असंच. घाटकोपर, पवई, गोरेगाव, बोरिवली. पिशवीत फाटे, कंद, बिया. कुठल्या बागेत वाळवी लागली, कुठे हिरवळ पिवळी पडली, कोणाची आई आजारी आहे आणि त्याला घराजवळ बदली हवी, तशीच उलटी बदली कोणाला हवी, हे सगळं त्यांच्या डोक्यात. बोरिवलीचा एक माळी आणि घाटकोपरचा एक माळी, दोघं एकमेकांना कधी भेटलेलेही नव्हते. बाईंनी दोघांना आमच्या बागेत बाकावर शेजारी शेजारी बसवलं, दोघांच्या हातात एकेक कुंडी दिली आणि म्हणाल्या, “आता अर्ज लिवा.” महिनाभरात दोघंही आपापल्या घराजवळ कामाला लागले. त्या कुंड्या अजून दोघांकडे आहेत.

मोबाईल आल्यावर मीच त्यांना व्हॉट्सॲप ग्रुप काढून दिला. नाव काय ठेवू विचारलं तर म्हणाल्या, “ठेव ‘काय हाडलंस’.” बाईंना टाइप करता यायचं नाही. रोज सकाळी सहा वाजता त्यांचा आवाज यायचा. मागे कावळे, नळाचं पाणी, कुकरची शिट्टी, आणि मध्ये बाई: “आज गुरवार. रात्री थंडी पडली, हिरवळीक पाणी उशिरा घाला. घाटकोपरवाल्या, तुझ्या चाफ्याचो फोटो बघलंय. तां किडीचा नाय, तू पाणी जास्त घालतंस.” मग दिवसभर लोकांचे आवाज. कोण खुरपं दाखवतंय, कोण फुटलेला पाइप दाखवतंय, कोण बायकोशी भांडलोय म्हणून सांगतंय. कायम नोकरीतले, कंत्राटी, मैदानांवरचे राखणदार, तरणतलावावरचे जीवरक्षक, सगळे. कोणी कोणाचा साहेब नाही. एकाचं अडलं की दहा जण बोलायचे. झकास चाललं होतं यार, अगदी झकास. मग मी त्याची वाट लावली.

त्याआधी झोक्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

मुलांच्या झोक्याची वरची कडी झिजली, साखळी लचकली की नवीन भाग येईपर्यंत आमचे माळी तो झोका ‘मारून’ ठेवतात. पाट वरच्या दांडीवरून दोन-तीन वेढे फिरवून उंच चढवायचा, पोराचा हात पोचू नये इतका. मग साखळ्या सुंभाने खांबाला बांधायच्या, एका विशिष्ट उलट्या गाठीने. आणि गाठीत कडुलिंबाची डहाळी खोवायची. डहाळी हिरवी असेल तर झोका काल-परवाच मेलेला. पानं तपकिरी झाली असतील तर बरेच दिवस झाले, ऑफिसला पुन्हा आठवण करायला हवी. ही रीत कुठल्या परिपत्रकात नाही. पण कुठल्याही बागेतल्या माळ्याला विचारा, डहाळी दिसली की तो त्या झोक्याला हात लावणार नाही. “जेका कळाचा तेका कळता,” बाई म्हणायच्या. बाईंच्या लेखी गाठ मारली की रिपोर्ट झाला. वर एक फोन करायचा, “कडी पाठव,” बस्स. कागद करायचा असतो हे त्यांच्या गावीच नव्हतं. आणि मला ठाऊक होतं, मी शिकलेली होते, पण मी तरी कधी म्हटलं का, की बाई, द्या, मी लिहिते?

आता परिषद. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लांबलचक नाव होतं. ‘उद्यान’ होतं, ‘मनोरंजन’ होतं, ‘व्यावसायिक’ होतं. निवृत्त अधिकारी, लँडस्केपवाले, खेळणी विकणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात कॉफी, तोंडात ‘नेटवर्किंग’. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भारावले. खोटं का बोलू! माझ्या वयाच्या मुलीला अध्यक्षसाहेब नावाने ओळखतात, खुर्ची ओढून देतात. त्यांनी माझ्याकडून बाईंच्या ग्रुपबद्दल ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. “हे तर तयार सदस्य-जाळं आहे, मॅडम. याला फक्त एक शिस्त हवी.” मला ‘सदस्य साहाय्य कक्षा’ची सचिव केलं. व्हिजिटिंग कार्ड छापून दिलं. मी ते कार्ड आईला दाखवलं, बाईंना दाखवलं.

बाईंनी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. “साहाय्य म्हंजे काय करतलंस?”

“कोणाला अडचण आली तर परिषद मागे उभी राहणार, बाई. तुम्ही एकट्या किती फिरणार?”

“बरा. तू आसस मा त्येच्यात, मगे काय ता कर.”

माझ्यावर विश्वास, बाकी काही नाही. ग्रुप परिषदेकडे गेला. नाव झालं ‘मेंबर कनेक्ट’. आठवडाभरात अध्यक्षसाहेबांनी एक सेटिंग बदललं: संदेश फक्त ॲडमिन पाठवू शकतील. सुप्रभाताची चित्रं येतात, गलका होतो, व्यावसायिक वाटत नाही, म्हणे. ॲडमिन चार. त्यातली एक मी. बाई नाहीत. त्यांना तिथे ठेवायला हवं हे कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला बाईंचा फोन. “किर्ते, माझो आवाज जाणा नाय गे. फोन बिघाडलो काय बघ.”

मी त्यांना समजावलं. शिस्त, वेळापत्रक, असं काहीबाही. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, “बरा.” त्या ‘बरा’त काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं मी इतके दिवस लोकांना सांगत होते.

त्यानंतर ग्रुपवर काय यायचं? चर्चासत्राची आमंत्रणं. खेळण्यांच्या जाहिराती. अध्यक्षांचा दीपप्रज्वलन करतानाचा फोटो. चाफ्याला काय झालंय ते विचारायची सोयच उरली नाही.

मग परिषदेचं अधिवेशन ठरलं, पवईच्या हॉटेलात. सकाळी पाहुण्यांची आमच्या बागेला भेट, दुपारी हॉटेलात जेवण आणि सत्कार. सत्कार कोणाचा? ‘तळागाळातील प्रेरणास्थान’ श्रीमती परब यांचा. हे शब्द माझे नव्हेत, पण पत्रिकेचं प्रूफ मीच तपासलं होतं.

बागेत तेव्हा एक झोका मेलेला होता. बाईंनीच बांधलेला, डहाळी सुकून तपकिरी झालेली, कडी यायचा पत्ता नाही. त्या दिवशी सकाळी सजावटीच्या कुंड्या घेऊन कुठूनसा टेम्पो येऊन गेला. मी पाहुण्यांच्या बसबरोबर दहाला पोचले. तोवर कोणीतरी हुकूम दिला होता: मुलं खेळताना फोटो हवेत, सगळे झोके खाली सोडा, आणि त्या वाळक्या फांद्या कसल्या लटकल्या आहेत, काढा ती घाण. कोणी सांगितलं, कोणी सोडलं, आजवर एकानेही कबूल केलेलं नाही. बाई त्या वेळी पाहुण्यांसाठी गुलाब घेऊन फाटकाशी होत्या, कारण आम्ही त्यांना तिथे उभं केलं होतं.

बस पवईला निघाली, तेव्हा बाई माझ्या शेजारी खिडकीत बसल्या होत्या. नवी साडी, केसांत अबोली. बस वळली आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. “किर्ते, माझो झोको सोडल्यानी गे! माका उतरव. बांधून येतंय.”

मी घड्याळ बघितलं. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हटलं, “बाई, आज राहू द्या ना. सत्काराला उशीर होईल. मी फोन करून सांगते कोणालातरी.”

फोन मी केला. लागला नाही. मग पाहुणे, मग जेवण, मग मी विसरले. विसरले! हा शब्द लिहिताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवाविशी वाटते.

सत्कार झाला. अध्यक्षांनी शाल घातली, श्रीफळ दिलं, फोटो निघाले. बाई श्रीफळ हातात धरून सारखं माझ्याकडे बघत होत्या, “सांगलंस मा?” असं ओठांनीच विचारत होत्या. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. संध्याकाळी बागेतून फोन आला. आठ वर्षांची एक मुलगी उंच झोका घेत असताना कडी सुटली. हाताची दोन हाडं मोडली, हनुवटी फाटली. बाई अंगावरच्या शालीसकट रिक्षात बसून रुग्णालयात गेल्या. मुलीच्या वडिलांनी ती शाल बघितली. “इकडे माझी पोर रक्ताने भिजलीय आणि तुम्ही सत्कार घेत फिरताय? आंधळ्या आहात का?” सगळ्यांदेखत बोलले ते. त्यांचं तरी काय चुकलं! बाई दाराबाहेर फरशीवर बसून राहिल्या.

चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, झोका नादुरुस्त असल्याचा लेखी अहवाल कुठे आहे? बाई म्हणाल्या, “लिवन दिलंय नाय. गाठ मारलेली.” खोलीत कोणीतरी हसलं. कडी पाठव म्हणून बाईंचा फोन आल्याचं ऑफिसात कोणाला आठवेना. झोके सोडा म्हणून सांगणारा कोणी सापडेना, आणि आमच्या बागेतले माळी आपल्यावर येईल म्हणून काही बघितलंच नाही म्हणाले. दुसऱ्या बागांतल्या ओळखीच्या एकेका माळ्याला बाईंनी फोन केले, पण ते सगळे त्या दिवशी उशिरा आलेले, बसबरोबर किंवा त्याच्याही नंतर. झोका बांधलेला त्यांच्यातल्या कोणीच बघितला नव्हता.

मग एका सकाळी सहा वाजता मला बाईंचा आवाज आला. मला एकटीला. त्यांना दुसरीकडे कुठे पाठवताच येत नव्हता.

“किर्ते, मी बोलतंय. ह्या माझा बोलणा ग्रुपवर टाक. त्या दिवशी सकाळी टेम्पोतून कुंड्यो घेऊन एक बाई इलली. मी तिका वळखणंय नाय. पण ग्रुपवर असतली ती, आमच्यातलीच. तिना झोको बांधलेलो बघल्यान असतलो. तिका ईचार. बसमधला तू काय सांगा नको, तुका अजून खूप वर्सां नोकरी करूची आसा, तुझा नाव खय येवचा नाय. माका बाकी काय नको गे. त्या चेडवाच्या बापाशीक कळाक व्हया, परबीण आंधळी नव्हती.”

एक मिनिटाचंही बोलणं नाही. अंगठ्याने दाबून पुढे ढकलायचं, इतकंच काम. मी ते अध्यक्षसाहेबांना विचारायला गेले. सदस्य साहाय्य कक्षाची सचिव ना मी! साहेब म्हणाले, “मॅडम, भावनेच्या भरात काही करू नका. ग्रुप हा व्यावसायिक मंच आहे, वैयक्तिक प्रकरणं तिथे नकोत. अधिवेशनाचं नाव विनाकारण गोवलं जाईल. मी आतून बघतो.”

आतून बघतो. या दोन शब्दांवर मी तीन महिने काढले. बाईंनी मध्ये एकदा विचारलं, “टाकलंस?” मी म्हटलं, “परिषद बघतेय, बाई.” त्या पुन्हा ‘बरा’ म्हणाल्या. साहेबांनी आतूनही बघितलं नाही आणि बाहेरूनही नाही. चौकशीत मला कोणी बोलावलं नाही. मीही आपणहून गेले नाही. कोणी विचारलंच नाही तर मी काय सांगणार, अशी मी माझी समजूत घातली आणि रोज रात्री व्यवस्थित जेवत राहिले.

निकाल लागला: निष्काळजीपणा. मुकादमकी गेली. शेवटचे काही महिने बाईंना कोठारात बसवलं, खुरपी आणि पाइप मोजायला. ज्या बाईला हात लावला की फाटा रुजायचा, तिला चार भिंतींच्या आत! त्यांनी मंगळवारची फेरी बंद केली. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी फुलवाल्याकडून मोठा बुके घेऊन गेले, जांभळ्या चकचकीत कागदातला. बाई कोठाराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी बुके हातात घेतला, देठांची छाटलेली टोकं बघितली.

“ह्या रुजतला काय गे?”

 त्यांनी तो बाजूला ठेवला. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या माझ्यावर ओरडल्या. “माझो आवाज टाकूक तुका काय झाला होता? ग्रुप माझो. माणसा माझी. माझ्याच घरात माका बोलाक दिल्यात नाय तुम्ही!” कोयती हातात नव्हती म्हणून, नाहीतर पायरीवरच आपटली असती. मी रडले. बाईंनी मला गप्प केलं नाही, आणि बरंच केलं. मी जायला निघाले तेव्हा पाठीमागून म्हणाल्या, “पंपाकडच्या पानओव्याक उन्हाळ्यात सावली कर.”

गेल्या वर्षी त्या गेल्या, गावी, झोपेतच. मला कळलं ते ‘मेंबर कनेक्ट’वरून. अध्यक्षसाहेबांनी टाकलं होतं: ‘परिषदेच्या ज्येष्ठ मार्गदर्शक श्रीमती परब यांना भावपूर्ण श्रद्धांजली. परिषद सदैव त्यांच्या पाठीशी उभी होती.’ खाली फोटो, शाल पांघरलेल्या बाईंचा, हातात श्रीफळ. आणि त्याखाली काहीच नाही. ज्या माणसांच्या बदल्या त्यांनी करून दिल्या, ज्यांच्या बायकांची बाळंतपणं त्यांनी निभावली, त्या शेकडो लोकांपैकी एकालाही त्या फोटोखाली एक शब्द लिहिता येत नव्हता. फोटोतले बाईंचे डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते. माझ्याकडे होते.

माझं डोकंच सटकलं. सदैव पाठीशी? लाज कशी वाटत नाही लिहायला! मी ॲडमिन होते. सेटिंग उघडलं आणि ग्रुप सगळ्यांना खुला केला. तिघा ॲडमिनना काढून टाकलं, अध्यक्षसाहेबांना सगळ्यात आधी. नाव परत ‘काय हाडलंस’ केलं. आणि बाईंचा तो आवाज, जो इतकी वर्षं माझ्या फोनमध्ये पडून होता, तो पुढे ढकलला. अर्धा सेकंद लागला. खरंच, अर्धाच.

 मग घाटकोपरवाल्या माळ्याचा आवाज आला, त्याला हुंदका आवरत नव्हता. मग बोरिवलीचा. मग एकामागून एक. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये एका अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. पाठवणारीचं नाव सुमन, भांडुपच्या रोपवाटिकेतली कंत्राटी माळीण. कंत्राटी बायकांना काम झालं की हजेरीसाठी ठेकेदाराला फोटो पाठवावा लागतो, त्यावर तारीख-वेळ आपोआप उमटते. फोटोत शेवंतीच्या कुंड्यांची रांग होती. अधिवेशनाची तारीख. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. आणि कुंड्यांच्या मागे, दांडीला वेढे घालून उंच चढवलेला, सुंभाने बांधलेला झोका. उलटी गाठ. गाठीत तपकिरी डहाळी, पान न् पान दिसत होतं.

खाली सुमनने लिहिलं होतं, ‘मॅडम, ती टेम्पोवाली मीच. हा फोटो चालेल का? मला तेव्हा कोणी विचारलंच नाही.’

मी फोटो छापून घेतला, बसमधल्या बोलण्यापासून सगळं माझ्या नावानिशी लिहून काढलं आणि कार्यालयात दिलं. कारकुनाने वाचलं आणि चष्मा वर केला. “प्रकरण बंद झालंय, मॅडम. ज्यांचं आहे त्या तर गेल्या.” मी म्हटलं, “तरी शिक्का मारा.” त्याने मारला. परिषदेचं कार्ड तिथल्याच टोपलीत टाकलं. मग मी त्या मुलीच्या घरी गेले. मुलगी आता मोठी झाली आहे, हनुवटीवर बारीक रेघ राहिली आहे. जाताना पंपाशेजारच्या पानओव्याचं डेख ओल्या कागदात गुंडाळून नेलं होतं. तिच्या वडिलांनी बाईंचा आवाज पूर्ण ऐकला, शेवटपर्यंत, आणि फोटो कितीतरी वेळ हातात धरून ठेवला. मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, “मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

मला कोणी विचारलं नाही, असं अगदी जिभेवर आलं होतं. सुमनला खरंच कोणी विचारलं नव्हतं. मला बाईंनी विचारलं होतं.